पिवळा सात टक्के कमी

३ जून

प्रिय,

(हे लिहू की नको, यात दोन कागद फुकट गेले. शेवटी म्हटलं, लग्नाला एकतीस वर्षं झाली, एकदा लिहून बघू.)

फोनच करणार होतो. पण फोनवर मी बोलतो आणि तू 'हं' म्हणतेस. मग त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा पुढचा अख्खा दिवस जातो. म्हणून हे पत्र, दादांच्या घरच्या पत्त्यावर.

काम एकच आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. घाबरू नकोस. (घाबरली नसशीलच, पण लिहायची पद्धत असते.) उजव्याचं ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला ठरलंय. त्याआधी एक फॉर्म भरून द्यायचा आहे आणि सगळं घोडं तिथंच अडलंय.

त्यात पाच चौकोन आहेत. विवाहित, अविवाहित, विधुर, घटस्फोटित आणि शेवटी सेपरेटेड. मी सरळ पहिल्या चौकोनात पेन टेकवलं, तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काका, घरी कोण कोण असतं?"

"मी."

"आणि काकू?"

"भावाकडे गेलीय चार दिवस."

"मग त्या आल्या की दोघं या. सही त्यांचीच लागेल."

"जाऊन आठ महिने झाले," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघितलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि शेवटच्या चौकोनावर हळूच बोट ठेवलं. आवाज एकदम मऊ झाला त्यांचा. कोणी गेल्यावर भेटायला येणारे लोक बोलतात ना, तसा.

मी फॉर्म घडी करून घरी आणला. आता तूच सांग, आपण सेपरेटेड आहोत का? असलो तर कधीपासून? आपल्यात भांडण झालं नाही. आदळआपट नाही, रडारड नाही. तू खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलंस, दूध तापवून ठेवलंय म्हणालीस, "दादाकडे चार दिवस जाऊन येते" म्हणालीस आणि गेलीस. याला सेपरेशन म्हणतात होय? मग बाजारात गेलेल्या बाईलाही म्हणता येईल.

ऑपरेशनच्या दिवशी जवळचं माणूस सहीला आणि बसायला लागतं. तू ये, असं मी म्हणत नाहीये. मी फक्त चौकोनाचं विचारतोय.

दादांना नमस्कार सांग. नको, राहू दे.

मी


९ जून

प्रिय,

तुझं कार्ड मिळालं. 'जे खरं असेल त्यावर खूण करा.' एवढंच? अगं, खरं काय ते माहीत असतं तर पोस्टाचं तिकीट कशाला चिकटवलं असतं?

तीन दिवस कार्ड टेबलावर ठेवून बघतोय. हसशील, पण हा शब्द मी चौतीस वर्षं रोज तोंडात घेतलाय. प्रेसमध्ये माझ्या खोलीच्या दारावर पाटीच आहे सेपरेशनची. पोरं मला 'सेपरेशनकाका' म्हणतात. छापायला चित्र आलं की त्याचे चार रंग वेगळे करायचे, निळा, लाल, पिवळा, काळा, आणि प्रत्येकाची वेगळी प्लेट करून मशीनवर द्यायची. आता इथं मी 'पण चारही रंग एकावर एक आले तरच चित्र होतं' वगैरे काहीतरी लिहिणार होतो. तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि आवरलं.

त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ऐक. डॉक्टरीणबाईंनी मला एक चित्र दाखवलं. निरोगी डोळ्याचं भिंग काचेसारखं, आणि माझं पिकलेल्या लिंबासारखं. म्हणाल्या, "तीन-चार वर्षं तरी हे वाढतंय. तुम्हाला सगळं पिवळट दिसत असणार, पण हळूहळू झाल्यामुळे कळलं नसेल." कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, ते माझ्या बाबतीत शब्दशः खरं निघालं.

मी खुर्चीतून ताडकन उठलोच. कारण मला तो टाइल्सचा कॅटलॉग आठवला. तुला तर सगळं ठाऊकच आहे, तरी पुन्हा सांगतो. कंपनीच्या बारा जातींच्या पांढऱ्या आणि मलईरंगाच्या टाइल्स होत्या. मला प्रूफ, छपाईआधीचा तो कच्चा छाप, पिवळं वाटलं म्हणून मी पिवळा सात टक्के कमी केला. म्हणजे प्रूफ ठीक होतं, डोळा पिवळा होता! छापून आलं ते निळसर, मेलेल्या माणसाच्या नखासारखं. कंपनीनं सगळा माल परत पाठवला. आणि मशीन चालवणारे म्हणून मालकांनी दादांना जबाबदार धरलं.

बघ ना, कोणाचीच चूक नव्हती! ना दादांची, ना माझी. मोतीबिंदूची होती. आठ महिने उगाच मनाला लावून घेतलं सगळ्यांनी. मला तर दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना शीळ घालावीशी वाटली. आता तरी तू मोकळ्या मनानं येशील ना?

तुझा मी


१५ जून

तुझं दुसरं कार्ड आलं. 'डोळ्याला मोतीबिंदू होता. जिभेला काय झालं होतं?'

वा! काय पण वाक्य! टेलरच्या दुकानात कापडाच्या रंगाला दोरे जुळवता जुळवता सुचलं की दादांनी सांगितलं?

ऐक, मलाही बोलता येतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी कधी केलेलं नाही. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं, विचारलं, मी उत्तर दिलं. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. या वयात मला कोणी दुसरीकडे घेतलं असतं? मशीन चालवणारा माणूस कुठंही मशीन चालवतो. डोळ्यावर पोट असलेल्यानं डोळा चुकला म्हटलं की तो संपला. हे तुला कळायला हवं होतं, तूही रंगावरच पोट भरतेस.

आणि दादांना मी काढलेलं नाही, मालकांनी काढलं. त्यांच्या हातात दिलेल्या कागदावर 'काढलं' असंही नव्हतं. वर मोठ्या अक्षरात 'सेपरेशन' होतं. मालकांना वाटतं, इंग्रजीत मारलं की लागत नाही. दादांनी मला दाखवून विचारलंही होतं, "हे तुझ्या खात्याचं आहे का रे?" त्यांना खरंच वाटलं होतं की रंगांचं काहीतरी असेल. मी म्हणालो, नाही, तुमचंच आहे.

फॉर्म अजून कोराच आहे. तुला काय वाटतं, मी त्या शेवटच्या चौकोनात खूण करू शकत नाही? करीन! आज करीन!

एकच विचारतो. त्या खोक्याचं तू दादांना सांगितलंस का?


१९ जून

प्रिय,

पंधरा तारखेचं पत्र पेटीत टाकलं आणि दुसऱ्या क्षणी हात आत घालून बघितला. कोपरापर्यंत गेला, पत्र काही हाताला लागलं नाही. एक बाई लेकराला घेऊन मागे उभी होती, ती म्हणाली, "काका, काही पडलं का?" हो म्हणालो.

तू ते वाचलं असशीलच. दुकानाचं आणि दोऱ्याचं जे लिहिलं ते मागे घेतो. खूण केलेली नाही.

खोक्याचं मीच लिहितो. तू काही न बोलता आठ महिने तेच मनात धरून बसली आहेस, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हेही तुला माहीत आहे. चोराच्या मनात चांदणं.

कंपनीनं टाइल्सचे खरे नमुने पाठवले होते. बिस्किटाएवढे तुकडे, चपलांचं असतं तसल्या खोक्यात बांधून. आमच्याकडे नियम आहे. रंग दुरुस्त करायचा तर नमुना प्रूफशेजारी खिडकीपाशी ठेवायचा आणि मगच टक्के कमी-जास्त करायचे. शेजारी ठेवला असता तर पिवळा डोळासुद्धा चुकला नसता, दोन्ही सारखेच पिवळे दिसले असते. मी खोकं उघडलंच नाही. चौतीस वर्षं या कामात मुरलेला माणूस मलईचा रंग बघायला खोकं उघडतो होय? माझ्या डोळ्यात बसलाय तो, असं मी खोलीतल्या सगळ्यांना ऐकवलं. तेव्हा सगळे हसले आणि मला बरं वाटलं.

माल परत आला त्या दिवशी ते खोकं माझ्या टेबलाखाली होतं, चिकटपट्टी तशीच. मी ते पिशवीत घालून घरी आणलं. जेवणाच्या टेबलावर तुझ्या दोऱ्याच्या कात्रीनं पट्टी कापली, तुकडे काढले, बोटांनी जरा मळवले, पुन्हा आत ठेवले. तू समोर भाजी निवडत होतीस. "काय आहे ते?" म्हणालीस. मी म्हणालो, "काही नाही, काम." दुसऱ्या दिवशी उघडलेलं खोकं मालकांपुढे ठेवलं. शेजारी पहिलं प्रूफ ठेवलं, दुरुस्तीच्या आधीचं. सात टक्के कमी केलेलं दुसरं प्रूफ फाडून टाकलं होतं. मग म्हणालो, "बघा, मी दिलेलं बरोबर होतं. मशीनवर पिवळी शाई कमी सुटली."

दादांना आत बोलावलं. तुला हे ठाऊक नाही, ते त्यांनी तुला सांगितलं नसणार. त्यांनी छापलेला कागद हातात घेतला, माझं प्रूफ बघितलं, पुन्हा कागद बघितला. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. तर ते म्हणाले, "माझ्याच हातून झालं असेल. ह्याचा डोळा चुकत नाही."

ज्या माणसानं मला प्रेसमध्ये चिकटवलं, घरी जेवायला नेलं, स्वतःच्या बहिणीसाठी माझं नाव पुढे केलं, तो माणूस माझ्या बाजूनं बोलला आणि मी गप्प उभा राहिलो. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो. आतमध्ये एक फूल होतं त्याच्या.

हे मी आज पहिल्यांदा लिहिलंय. लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

तुझा (असलो तर) मी


२४ जून

प्रिय,

आज मालकांकडे गेलो. सगळं सांगितलं, खोकं, प्रूफ, सगळं. वाटलं होतं खुर्ची फेकून मारतील. त्यांनी चहा मागवला.

"आता ते कशाला उकरून काढताय?" म्हणाले. "कंपनीचं काम पुन्हा चालू झालंय. त्यांना काय सांगू, आमचा सेपरेशनवाला आंधळा आहे म्हणून? मशीनवर नवा माणूस आलाय. तुमच्या मेहुण्यांनी स्वतःच कबूल केलं होतं की नाही? मग झालं तर. ऑपरेशन करून घ्या, कामावर या."

तुझ्यापासून लपवून काय उपयोग, मला हायसं वाटलं. दाराबाहेर आल्यावर इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. म्हणजे मी कबुली द्यायला गेलो होतो की ती कोणी घेऊ नये म्हणून गेलो होतो, मला कळेना. अजून कळत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हेच खरं असावं.

पण सांगितलं, एवढं तरी धर ना. तू म्हणालीस खरं तेच करा, मी केलं. आता तू काय करणार? परवा स्वप्नात तू आलीस आणि म्हणालीस, चौकोन चुकला. कुठला, ते सांगितलंच नाहीस.

अठ्ठावीस तारखेला सकाळी साडेआठला जायचं आहे. मी कोणाला सांगितलेलं नाही. कोणी नसेल तर ते ऑपरेशन पुढे ढकलतात म्हणे. ढकलू देत.

मी


२९ जून

प्रिय,

उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची टोपी आहे, डाव्यानं लिहितोय. ओळी चढउतार करतील, सांभाळून घे.

काल तू आलीस. दवाखान्याच्या बाकावर माझ्या आधीच बसलेली होतीस, मांडीवर पर्स, पाय जुळवलेले. माझ्या मनात शंभर गोष्टी आल्या आणि तोंडातून निघालं, "बस मिळाली का लगेच?" तू म्हणालीस, "हं."

त्या काउंटरवरच्या बाईंनी तुझ्यापुढे फॉर्म धरला. "नातं काय?" तू म्हणालीस, "बायको." सही केलीस. चौकोन तसेच कोरे होते. बाईंनी एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि फॉर्म फायलीत घातला. एवढंच? महिनाभर मी ज्यासाठी डोकं फोडून घेतलं ते त्यांना लागतही नव्हतं!

ऑपरेशननंतर तू जे बोललीस ते मला नीट आठवतंय की औषधाच्या गुंगीत मी काही घुसडलंय, याची खात्री नाही. म्हणून लिहून काढतो. चुकलं असेल तर सांग.

मी विचारलं, "तू दादांना का नाही सांगितलंस? एका वाक्याचं काम होतं."

तू म्हणालीस, "मी सांगितलं असतं तर त्यानं त्याच दिवशी तुम्हाला माफ केलं असतं. मी ओळखत नाही का त्याला? आणि तुम्ही सुटला असतात. एक शब्द न बोलता."

मग तू संत्रं सोललंस. अर्धं मला दिलंस. आणि म्हणालीस,

"महिनाभर मला पत्रं पाठवताय. मशीन मी चालवत होते का? तुमचं पत्र आलं की पोस्टमनकडून दादाच घेतो. तुमचं अक्षर लांबूनच ओळखतो. पाकीट उलटंपालटं करून बघतो, त्याचं नाव कुठं आहे का म्हणून. मग माझ्या हातात देतो आणि विचारतो, 'बरा आहे ना तो?'"

मी संत्र्याच्या फोडीच्या शिरा काढत बसलो.

"दुसऱ्या प्रेसनं दोनदा बोलावलं त्याला," तू म्हणालीस. "जात नाही. म्हणतो, माझा हात गेला. ताटात आमटी वाढताना हाताकडे बघत बसतो, थरथरतोय का म्हणून. अहो, तो हात ठणठणीत आहे! त्याला आठ महिने वाटतंय की तो माल त्यानं बिघडवला. मीही आठ महिने ते बघतेय आणि तुमची वाट बघत गप्प बसलेय. मी तरी कुठं फार चांगली?"

तू तेव्हा रडलीस की मला डाव्या डोळ्यानं तसं दिसलं, ते विचारायची हिंमत झाली नाही.

मला वाटत होतं, दादा माझ्यावर चिडले आहेत. इतके दिवस मी त्यांच्या रागाला भीत होतो. राग नव्हताच. ते स्वतःवरच... मला हे वाक्य पूर्ण करता येत नाही.

संध्याकाळी मला घरी सोडून, डोळ्यात थेंब घालून तू परत गेलीस. मी 'थांब' म्हणालो नाही. उद्या थेंब घालायला येणार आहेस की नाही तेही विचारलं नाही. आपण काय आहोत ते मला अजूनही कळलेलं नाही आणि आता ते तुला विचारत बसणार नाही. हे तुला शेवटचं पत्र. दुसरं एक लिहायचं आहे.

तुझा मी


३० जून

दादा,

साष्टांग नमस्कार. पाकिटावर तुमचं नाव आहे, हे पत्र तुमचंच आहे. बहिणीला देऊ नका, तिला सगळं माहीत आहे.

टाइल्सच्या कॅटलॉगात पिवळा मी कमी केला होता. सात टक्के. नमुन्याचं खोकं न उघडता केला. मालकांपुढे ठेवलेलं प्रूफ ते नव्हतंच, छपाईला गेलेलं प्रूफ मी फाडलं होतं. तुम्ही माझ्या प्लेटवरून जसं छापायला हवं होतं तसंच छापलं. शाई बरोबर होती. हात बरोबर होता. तुम्ही केबिनमध्ये म्हणालात, ह्याचा डोळा चुकत नाही, तेव्हा तो चुकलेला आहे हे मला पक्कं माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

डोळ्याला मोतीबिंदू होता. पण ते कारण म्हणून लिहीत नाही, कारण खोटं मी डोळ्यानं बोललो नव्हतो.

माफी मागायची माझी लायकी नाही आणि तुम्ही ती लगेच देऊन टाकाल, म्हणून मागतही नाही. शिव्या द्यायच्या असतील तर मी घरीच आहे. बोलायचंच नसेल तर तेही बरोबर.

फक्त त्या दुसऱ्या प्रेसमध्ये उद्याच्या उद्या जा. आधीच्या ठिकाणाहून का सुटलात असं त्यांनी विचारलं, तर तोंडानं काही सांगू नका, हे पत्र पुढे ठेवा. त्यांनी आमच्या मालकांना दाखवलं तरी चालेल, टाइल्सवाल्यांना दाखवलं तरी चालेल. मग मला कोणी काम देईल की नाही, ते मी बघून घेईन.

त्यासाठीच खाली पूर्ण नावानं सही केली आहे.